छत्रीवाले अध्यक्ष आणि सूर्याची भिशी

अध्यक्षांची मुलगी लिफ्टमध्ये असताना मी इमारतीचा मेन स्विच बंद केला. चुकून नाही. मुद्दाम, हसत हसत, चार माणसांना जिन्यापाशी बोलावून, "आता बघा गंमत" असं म्हणून बंद केला.

हे मी का केलं ते सांगायचं तर आधी अध्यक्षांविषयी सांगावं लागेल. त्यांच्याविषयी सांगायला मला आवडतं, कारण त्यांच्याविषयी बोलत असताना लोक माझ्याविषयी विचारत नाहीत.

आमची सोसायटी अंबरनाथ पूर्वेला, पालेगावात. एका बाजूच्या खिडकीतून भाताची खाचरं दिसायची आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून समोरच्या टॉवरमधल्या माणसाचा टीव्ही. मी आता बदलापूरला राहतो, पण काही वर्षं त्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी झालो तो निवडीच्या सभेला गैरहजर राहिल्यामुळे. हजर असलेल्या प्रत्येकाने आपल्याला का जमणार नाही ते सांगितलं. माझं कारण सांगायला कोणी नव्हतं. बायको होती, पण तिने अनुमोदन दिलं.

त्याच सभेत हे अध्यक्ष झाले. तेही गैरहजर होते, पण त्यांचं कारण वेगळं. सभा तळमजल्यावर पार्किंगमध्ये होती आणि दुपारची वेळ होती. त्या काळी आमच्याकडे विजेचं बिल वाचवण्यासाठी दुपारी बारा ते चार लिफ्ट बंद ठेवायचा ठराव होता. अध्यक्ष राहायचे सातव्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर, आणि त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सभेचा निकाल त्यांना जिन्यातून ओरडून कळवला. वरून उत्तर आलं, "मंजूर. पण पुढची सभा गच्चीवर."

उल्हासनगरला कॅम्पात त्यांचं छत्र्यांचं दुकान होतं. उभं आयुष्य त्यांनी छत्र्या विकल्या. गुडघे गेले तसं दुकान विकलं, पण उरलेला माल विकला नाही. तो सगळा सातव्या मजल्यावर आणून आतल्या खोलीत रचला. त्यांच्या घरी चहाला गेलेला माणूस छत्री घेतल्याशिवाय परत यायचा नाही. आमच्या घरी आजही माणसांपेक्षा छत्र्या जास्त आहेत.

आणि हा छत्रीवाला माणूस सूर्याच्या भजनी लागलेला.

"साईं," ते म्हणायचे. सिंधी गिऱ्हाइकांत आयुष्य गेल्यामुळे ते मराठी माणसालाही साईं म्हणत. "साईं, मी जन्मभर त्याच्या विरोधात धंदा केला. लोकांना त्याच्यापासून आड केलं. त्याने एकदा तरी तक्रार केली? अशी पार्टी मार्केटमध्ये दुसरी नाही. उधारी नाही, ट्रान्सपोर्ट नाही, सकाळी माल दारात. आणि आपण काय करतो, तर पडदे लावतो."

ऊन हा शब्द ते वापरत नसत. उन्हाला ते माल म्हणत. सकाळी जिन्यात भेटले की पहिला प्रश्न, "आज माल कसा उतरलाय?" ढगाळ दिवस असला की ते कोणाशी फारसं बोलायचे नाहीत. होलसेलरचं दुकान बंद असलं की किरकोळीवाल्याने तरी काय बोलायचं, असा चेहरा. हातात कायम एक लांब दांड्याची काळी छत्री असायची. तिने ते दिशा दाखवायचे, पोरांना हाकलायचे, वरच्या फळीवरचा डबा काढायचे. पण ती उघडायचे नाहीत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "उघडली की सावली पडते. सावली म्हणजे मालाचं नुकसान."

पुढच्या सभा गच्चीवर सुरू झाल्या. भर दुपारी. शिवाय अनवाणी. दुकानदाराची सवय अशी की गादीवर चढताना चपला खाली काढायच्या, आणि अध्यक्षांच्या मते गच्ची ही सोसायटीची गादी होती. "जिथे माल उतरतो ती जागा पेढीची," ते म्हणायचे आणि दाराशी चपला काढायला लावायचे. एप्रिल महिन्यात अंबरनाथच्या गच्चीवर दुपारी अनवाणी उभं राहून पाहिलेल्या माणसाला पुढचं वर्णन लागणार नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो की आमच्या सोसायटीचे ठराव इतके झटपट मंजूर व्हायचे की विरोधी मत मांडायला उठलेला माणूस पाय उचलता उचलताच "हो" म्हणून मोकळा व्हायचा. वर्षानुवर्षं लटकलेला पाण्याच्या टाकीचा प्रश्न तिथे चहा यायच्या आत सुटला. अध्यक्ष स्वतः मात्र मजेत उभे. त्यांचे तळवे बहुधा छत्रीच्या कापडाचे होते.

गच्चीवर सोलर बसवायचं, त्यावर लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालवायचे आणि लिफ्ट दिवसभर सुरू ठेवायची, हा त्यांचा ध्यास. कल्पना चांगली होती. पण तिच्यामागे निकड होती ती त्यांच्या मुलीची.

मुलगी शहाडला राहायची आणि शाळेत गणित शिकवायची. बोलायचीही गणितासारखं, म्हणजे उत्तराखाली दोन रेघा मारून. अध्यक्षांची पत्नी गेल्यावर ते एकटेच होते. एकदा ही दुपारी किराणा घेऊन आली. लिफ्ट बंद. पिशव्या घेऊन सात मजले चढू लागली, तर पाचव्या मजल्यावर पायरीवर बाबा बसलेले. सकाळी खाली उतरले होते, परत येईपर्यंत बारा वाजून गेले, म्हणून टप्प्याटप्प्याने चढत होते. पाचव्या मजल्यावर मुक्काम होता. शेजारी छत्री, हातात अर्धा चिकू.

"किती वेळ बसलाय?" तिने विचारलं.

"आत्ताच टेकलो."

"चिकूच्या बिया चार मजल्यांवर पडल्यात बाबा. मी मोजत आले."

तिने तिथेच निकाल दिला. दिवाळीपर्यंत ही लिफ्ट दुपारी चालू झाली तर इथे राहा, नाही तर माझ्याकडे शहाडला. आवाज ऐकून जिन्यात जमलेल्या आमच्यासमोर दिला, म्हणून आम्ही साक्षीदार झालो. तिचं घर तळमजल्यावर. जिना नाही, लिफ्ट नाही, दवाखाना समोर. कुठल्याही शहाण्या माणसाने आनंदाने जावं असं. पण समोर एका कारखान्याची भिंत होती आणि त्या घरात भर दुपारी ट्यूब लावावी लागायची.

"ट्यूब, साईं," अध्यक्ष मला म्हणाले. मी त्यांना तेवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "दुपारी एक वाजता ट्यूब. मी तिथे काय करू? ट्यूबकडे बघत बसू?"

त्या दिवसापासून ते झपाटल्यासारखे मागे लागले. कर्ज काढायला सभासद तयार नव्हते, आणि कर्ज हा शब्द अध्यक्षांनाही आवडत नसे. सरकारचं अनुदान असतं असं कळलं होतं, पण ते मिळेपर्यंत आपल्या खिशातून उभं करायला हवं. अध्यक्षांनी बाजारातला मार्ग काढला. भिशी. आमच्याकडे भिशी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम. आणि जिला भिशी लागली तिने बाकीच्यांना नाश्ता द्यायचा, हा त्यातला खरा कायदा.

पहिल्या महिन्याची चिठ्ठी जसोदाआंटीने काढली. आंटी दुसऱ्या मजल्यावरच्या, मूळच्या उल्हासनगरच्या, घरी पापड करून विकायच्या आणि इमारतीतल्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नसत. त्यांनी चिठ्ठी उघडली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सूर्य'.

टाळ्या झाल्या. शुभशकुन आहे, असं कोणीतरी म्हणालं. बहुतेक मीच.

दुसऱ्या महिन्यात परत सूर्य. तिसऱ्या महिन्यात आंटींनी चिठ्ठी हातात धरून अध्यक्षांकडे पाहिलं.

"भाईसाब, ये हर बार सूरज ही क्यों निकलता है?"

"कारण बाकीच्या चिठ्ठ्या मी टाकतच नाही," अध्यक्ष शांतपणे म्हणाले.

"तो फिर चिठ्ठी निकालते काय कू?"

"भिशीत चिठ्ठी निघतेच, आंटी. रीत आहे."

आता भांडण होणार म्हणून मी खुर्ची थोडी मागे घेतली. पण आंटींना रक्कम सूर्याला, म्हणजे सोलरच्या खात्यात, जाते याबद्दल काही म्हणायचं नव्हतं, ते ठरलेलंच होतं. त्यांची तक्रार वेगळी होती. तीन वेळा भिशी लागून या सूर्याने एकदाही नाश्ता दिला नव्हता. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. फुकटा मेंबर आहे, असं एकीने म्हटलंही.

अध्यक्षांना हे एकदम पटलं. रविवारी त्यांनी सूर्याच्या वतीने नाश्ता जाहीर केला. साबुदाण्याची खिचडी, गच्चीवर, सौरचुलीत. चूल कुठूनतरी मागून आणली होती, आरसा लावलेल्या पेटीसारखी. माझ्याकडे काम दिलं लक्ष ठेवायचं. मी मन लावून लक्ष ठेवलं. पेटीसमोर ठाम उभा राहिलो, वाकून वाकून पाहिलं. दुपार टळायला आली तरी साबुदाणा होता तसाच. शेवटी माझी बायको पाण्याची बाटली घेऊन वर आली, तिने एकदा पेटीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुमची सावली पडलीये त्याच्यात."

खिचडी त्या दिवशी गॅसवर झाली. सूर्याच्या नावावर मात्र नाश्ता लागला.

पैसे जमत होते, पण गच्चीचा प्रश्न होता. गच्ची कागदावर सोसायटीची आणि प्रत्यक्षात जसोदाआंटींची. पावसाळा सोडला तर वर्षभर तिथे पापड वाळायचे. पॅनेल येणार म्हटल्यावर आंटी गच्चीच्या दारात उभ्या राहिल्या.

"मेरा पापड किधर सूखेगा? तुम्हारे सिर पे?"

अध्यक्षांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "जागा कमी पडेल, आंटी."

मग त्यांनी जे केलं ते बघून मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं कॅम्पात कसा टिकला. ते म्हणाले, पापड हा आपल्या इमारतीतला पहिला सौर उद्योग आहे. आपण आत्ता कुठे या मालाला हात घालतोय, आंटींनी कधीपासून घातलाय. तेव्हा मान त्यांचा. गच्चीची सगळ्यात चांगली पट्टी पापडाला, उरलेल्या जागेत पॅनेल. दुसऱ्या दिवशी आंटींनी स्वतः खडूने रेघ मारून दिली, आणि ती अध्यक्षांनी मागितली होती त्यापेक्षा मोठी जागा सोडून.

त्या तडजोडीत माझाही एक विचार होता. पॅनेल काचेचं असतं, तापतं, तिरकं असतं. त्याच्यावरच पापड घातले तर दोन्ही कामं होतील, असं मी भर सभेत सुचवलं. अध्यक्ष त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी फक्त छत्रीच्या खुणांनी बोलत.

पॅनेल बसलं, पण वीज कंपनीकडचं काम लांबलं. मीटर बदलायचा होता, ज्यातून आपली उरलेली वीज बाहेर जाते आणि तिची नोंद होते. अध्यक्षांना हा मीटर फार आवडला होता. "उरलेला माल परत घेणारा व्यापारी कधी बघितलाय, साईं? हे घेतात." मीटर लवकर मिळावा म्हणून ते रोज रिक्षाने कचेरीत जाऊन बसत. काही बोलत नसत. नुसते बसत, आणि साहेबांच्या खिडकीचा पडदा हळूच छत्रीने बाजूला करत. शेवटी साहेबांच्या टेबलावर इतकं ऊन यायला लागलं की ते स्वतःच पाहणीला आले.

आले ते दुपारी. गच्चीवर पाऊल ठेवताच त्यांनी डोक्यावर फाईल धरली. पाहुण्याला त्रास होतोय हे बघून अध्यक्षांनी त्या दिवशी, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, आपली छत्री उघडली आणि साहेबांच्या डोक्यावर धरली. साहेब सुखावले, दोन पावलं पुढे गेले, पॅनेलपाशी वाकले. छत्रीची सावली पॅनेलवर पडली. अध्यक्षांनी छत्री झटकन मागे घेतली. साहेब उन्हात. साहेब सावलीत यायला मागे सरकले. अध्यक्ष छत्री घेऊन पुढे. साहेब आकडा बघायला वाकले, छत्री गायब. असं ते दोघं गच्चीभर फिरत होते आणि आम्ही पापडांच्या पट्टीवरून बघत होतो. साहेबांनी मंजुरी दिली. ती त्यांनी जिन्यात उभं राहून, घाम पुसत, बाकीचं काहीही न बघता दिली.

दिवाळीच्या आधी प्लांट सुरू झाला. बारा ते चारचा ठराव रद्द झाला. अध्यक्ष पहिले काही दिवस दुपारी उगाचच लिफ्टने खाली यायचे, पार्किंगला एक फेरी मारायचे आणि वर जायचे. शेजारच्या दोन सोसायट्यांमधून माणसं येऊन बघून गेली. पापडवाल्या बायका आता ताटं डोक्यावर न घेता लिफ्टने नेत. सगळं इतकं छान चाललं होतं की मला काहीतरी करावंसं वाटू लागलं.

रविवारी दुपारी मुलगी बघायला यायची होती. अध्यक्षांनी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते वर गच्चीत त्या सोलरच्या यंत्रापाशी थांबणार, मी खाली तिला घेऊन लिफ्टमध्ये बसवणार, ती सातव्यावर पोचणार, की काम झालं. एवढंच ठरलं होतं.

ती आली. लिफ्टच्या बटणाचा दिवा लागलेला बघून ती थोडी हसलीही. पण गणिताची बाई. आत पाऊल ठेवता ठेवता तिने विचारलं, "आणि लाइट गेली तर? तुमच्या इथे तर रोज जाते."

आता याचं उत्तर मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. वर ऊन आहे, उन्हाची वीज आहे, बाहेरची लाइट गेली तर आपलं काय जातं? मी म्हणालो, "ताई, सोलर आहे आता. लाइट गेली तरी लिफ्ट थांबायची नाही."

"नक्की?"

"बसा आत. मी घालवून दाखवतो."

तिने दारातली जाळी ओढली, बटण दाबलं, लिफ्ट निघाली. मी वॉचमनला, आंटींना आणि जिन्यात गप्पा मारणाऱ्या दोघांना बोलावलं, मीटरच्या खोलीत गेलो आणि सगळ्या इमारतीची मेन होती तिचा लोखंडी खटका जोर लावून खाली ओढला.

लिफ्ट थांबली. जिन्यातले दिवे गेले. आणि तो खटका माझ्या हातात आला.

आम्ही वर धावलो. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लटकत होती. जाळीतून वरच्या बाजूला तिच्या चपला दिसत होत्या.

"ताई, घाबरू नका," मी म्हणालो.

"मी घाबरलेली नाही. तुम्ही काय केलंत ते सांगा."

"मेन बंद केली."

"मग चालू करा."

"ते होत नाहीये आत्ता."

"का?"

"खटका माझ्या हातात आहे."

"मग लावा ना."

"ताई, नुसता खटकाच हातात आहे. बोर्ड खाली आहे."

जसोदाआंटी माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "ऊपर इतना सूरज बैठा है, और तूने नीचे अंधेरा कर दिया."

तेवढ्यात वरून, गच्चीच्या दारातून, अध्यक्षांचा आवाज जिन्यात घुमला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"सेक्रेटरी, मेन गेली काय?"

"गेली," मी ओरडलो.

"प्लांट लगेच बंद झाला, साईं. एका क्षणात. काय सुंदर बंद झाला. एकदम नियमाने."

"बाबा," लिफ्टमधून आवाज गेला, "मी लिफ्टमध्ये आहे."

वरून प्रश्न आला, "कुठल्या मजल्यावर?"

"कुठल्याच नाही."

मग त्यांच्या छत्रीचा आवाज यायला लागला. एक पायरी, टक. दुसरी पायरी, टक. ते गच्चीवरून खाली येत होते, ते गुडघे घेऊन. "बाबा, तुम्ही उतरू नका," ती म्हणत होती. मी धावत वर गेलो आणि हात द्यायला लागलो, तर माझ्या हातातला खटका बघून त्यांनी माझा दुसरा हात धरला.

चौथ्या मजल्यावर ते पायरीवर बसले, जाळीतून मुलीचा चेहरा दिसेल असे. लिफ्टवाल्याला फोन झाला होता. तो बदलापूरहून निघाला होता. तोवर करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून अध्यक्षांनी मला समजावून सांगितलं. बाहेरची वीज गेली की आपला प्लांटही मुद्दाम बंद होतो. नाही झाला तर आपली वीज तारेतून बाहेर जाईल आणि खांबावर दुरुस्तीला चढलेल्या माणसाला धक्का बसेल. "मोठ्या दुकानाने शटर ओढलं की आपणही ओढायचं, साईं. मी तीन सभांमध्ये सांगितलंय."

तिन्ही सभांना मी हजर होतो. अनवाणी होतो. त्या भागात मी पाय बदलत असणार.

"तुम्ही ऐकलं होतं?" मुलीने आतून आंटींना विचारलं.

"हाँ बेटा. मैं तो पापड के ऊपर वाले प्लास्टिक पे खड़ी रहती हूँ."

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती आणि लोक जिन्यात जमत होते. पंप बंद पडल्यामुळे वर पाणी नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर साखरपुड्याचे पाहुणे येणार होते. मेन दुरुस्त करणारा इलेक्ट्रिशियन कोणाच्या तरी लग्नाला गेला होता. प्रत्येक जण येऊन काय करायचं ते विचारत होता. माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं. अध्यक्ष पायरीवर बसल्या बसल्या, छत्री टेकवून, एकेकाला कामाला लावत होते. आंटींकडे पाण्याची पिंपं भरलेली असतात, पाहुण्यांना तिथून द्या. इलेक्ट्रिशियनच्या भावाला बोलवा, तो घरी नाही तर रिक्षा स्टँडवर असतो. पिंपं जिन्याच्या तोंडाशी आणा, रांग लावा. मध्येच छत्रीच्या वाकड्या मुठीला पाण्याची बाटली अडकवून ते ती जाळीच्या फटीतून मुलीला द्यायचे, ती प्यायली की परत घ्यायचे. आंटींनी भाजलेले पापड आणले, तेही याच मार्गाने आत गेले, तुकडे करून.

मुलगी आतून सगळं बघत होती. तिला लिफ्टमधून दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

लिफ्टवाला आला, वर जाऊन त्याने हाताने चाक फिरवलं आणि लिफ्ट हळूहळू तिसऱ्या मजल्याला लागली. जाळी उघडली. ती बाहेर आली, साडीवरचे पापडाचे कण झटकले, आणि एक मजला चढून बाबांसमोर उभी राहिली. पंपाची चौकशी करणारासुद्धा थांबला.

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते छत्रीचं टोक पायरीच्या कडेवर घासत होते.

"चल," ते म्हणाले. "ठरलं ते ठरलं. उद्या येतो मी. छत्र्या आंटींकडे ठेवतो." मग हळूच, "तुझ्याकडे मागच्या दाराने तरी सकाळी थोडा माल येतो ना गं?"

तिने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. जिन्यात उभ्या असलेल्या माणसांकडे, पिंपाच्या रांगेकडे पाहिलं. मग ती माझ्याकडे वळली. मी अजून तो खटका धरून उभा होतो.

"बाबांना मी आत्ताच्या आत्ता घेऊन गेले असते," ती मला म्हणाली. "पण मग ही बिल्डिंग तुमच्या हातात राहते."